आपत्तीत पहिला हात कोणाचा? पॅरामेडिक प्रशिक्षण हा आपला प्रश्न का आहे

३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले. ही बातमी बाहेरच्या जगाला कोणी दिली? तलाठ्याने नाही, तहसीलदाराने नाही, आपत्ती व्यवस्थापन कक्षाने तर नाहीच. नेहमीच्या फेरीला आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरला समोर गावच दिसेना, तेव्हा ती कळली. १५१ माणसे गेली, त्यातले बहुतेक आदिवासी. नऊ वर्षांनी, १९ जुलै २०२३ च्या रात्री, रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गेली. ठाकर आदिवासींची वाडी. वर जायला गाडीरस्ता नाही, पावसात निसरडी पायवाट. यंत्रे वर नेता आली नाहीत, कुदळ-फावड्याने माती उपसावी लागली. चढतानाच अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसे बेपत्ता म्हणून जाहीर झाली आणि चार दिवसांनी शोध थांबला. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत या वाडीचे नावच नव्हते, हे सरकारनेच सांगितले.

अशा प्रत्येक घटनेनंतर आपल्याकडे तीन गोष्टी ठरलेल्या असतात. मंत्र्यांचा दौरा, वारसांना मदतीची घोषणा आणि पुनर्वसनाच्या घरांचे आश्वासन. डोंगर का कोसळतात, माधव गाडगीळ समितीच्या अहवालाचे काय झाले, हे प्रश्नही विचारले जातात आणि ते विचारलेच पाहिजेत. परंतु एक प्रश्न कधीच कोणी विचारत नाही. दरड कोसळल्यापासून राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी पोहोचेपर्यंतच्या तासांत ढिगाऱ्यापाशी कोण होते, आणि त्याला काय येत होते?

एनडीआरएफची पाचवी बटालियन पुण्याजवळ तळेगावला आहे. जवान उत्तम आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण कोणतेही दल कितीही वेगाने निघाले तरी सह्याद्रीतल्या वाडीवर पोहोचायला त्याला तास लागतात, आणि गाडलेल्या माणसाचे आयुष्य मिनिटांत मोजले जाते. ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. त्या संध्याकाळी जखमींना चादरींत घालून रुग्णालयात नेले ते रुळांलगतच्या झोपडपट्ट्यांतल्या माणसांनी. ज्यांच्या घरांना हीच व्यवस्था एरवी ‘अतिक्रमण’ म्हणते, त्यांनी. किल्लारीत १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला, तेव्हाही पहिले दगड उचलले ते शेजाऱ्यांनीच. म्हणजे आपत्तीतला पहिला हात गरीबाचा असतो, दलित-आदिवासी-मुस्लिम वस्तीतल्या माणसाचा असतो. मग त्या हाताला शिकवण्याची जबाबदारी कोणाची?

इथे लगेच कोणी म्हणेल, जीव वाचवायला शिक्षण कशाला, माणुसकी पुरेशी आहे. नाही, पुरेशी नाही. एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो.

भिंतीखाली चार-पाच तास मांडी अडकलेला माणूस शुद्धीवर असतो, बोलतो, पाणी मागतो. लोक जोर लावून भिंत उचलतात, त्याला बाहेर ओढतात, टाळ्या वाजतात. आणि थोड्या वेळात तो मरतो. घरचे म्हणतात, नशीब. ते नशीब नसते. दबलेल्या स्नायूंतल्या पेशी मेलेल्या असतात. दाब असेपर्यंत त्यांतले पोटॅशियम तिथेच अडकून राहते. दाब निघाला की ते एकदम रक्तात येते आणि हृदय बंद पाडते. त्यातून वाचला तर स्नायूंतले मायोग्लोबिन मूत्रपिंडात साचते आणि दोन-चार दिवसांत लघवी बंद होते. याला क्रश सिंड्रोम म्हणतात. लंडनवर जर्मन बॉम्ब पडत होते तेव्हा, १९४१ साली, बायवॉटर्स या डॉक्टरने त्याची नीट नोंद केली. उपाय अवघड नाही. माणसाला बाहेर काढण्याच्या *आधी*, तो दबलेला असतानाच, हाताला सलाईन लावायचे. तेही साधे नॉर्मल सलाईन, रिंगर लॅक्टेट नव्हे, कारण रिंगरमध्ये पोटॅशियम असते. एवढी गोष्ट माहीत असलेला, शीर शोधता येणारा एक माणूस आणि सलाईनच्या चार बाटल्या त्या रात्री वाडीवर असणे आणि नसणे यात किती जीवांचा फरक पडतो, याचा हिशोब आपत्तीनंतरच्या कोणत्याही अहवालात नसतो.

शोध लागून ऐंशी वर्षे झालेले हे ज्ञान वाडीपर्यंत का पोहोचले नाही? हा वैद्यकीय प्रश्न नाही, सामाजिक आहे.

दुसरी गोष्ट ट्रायाजची. जखमी पन्नास आणि हात दोन, तेव्हा आधी कोणाला बघायचे? याचे शास्त्र आहे. नेपोलियनच्या सैन्यातला शल्यविशारद लारे याने रणांगणावर नियम घातला की हुद्दा पाहायचा नाही, आपला-परका पाहायचा नाही, जखम पाहायची. आज जगभर वापरली जाणारी ‘स्टार्ट’ ही पद्धत १९८३ साली कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीचच्या अग्निशमन दलाने आणि तिथल्या एका रुग्णालयाने बसवली. ज्यांना चालता येते त्यांना हाक मारून बाजूला घ्यायचे, त्यांना हिरवी पट्टी. उरलेल्यांकडे एकेक करून जायचे. श्वास नाही? मान सरळ करून श्वासमार्ग मोकळा करा. तरी नाही? काळी पट्टी, पुढे चला. श्वास मिनिटाला तीसपेक्षा जास्त? लाल. नख दाबून सोडल्यावर रंग परत यायला दोन सेकंदांहून जास्त वेळ? लाल. ‘माझा हात दाब’ म्हटल्यावर दाबत नाही? लाल. बाकीचे पिवळे. प्रत्येक माणसामागे अर्धा-एक मिनिट, त्याहून जास्त नाही.

या पद्धतीकडे आंबेडकरवादी म्हणून पाहा. यात आडनाव विचारलेले नाही. गाव, गल्ली, मोहल्ला विचारलेला नाही. सर्वांत मोठ्याने ओरडणाऱ्याला आधी घेतलेले नाही, उलट ओरडणाऱ्याचा श्वास चालू आहे हे कळलेले आहे, म्हणून तो थांबू शकतो. आपल्या देशात मात्र ओरडण्याचाही अधिकार सर्वांना सारखा नाही. गावात जीप आली की ती आधी कोणाच्या दारात उभी राहते, हे खेड्यात वाढलेल्या कोणालाही सांगायला नको. प्रशिक्षण नसेल तर अडचणीच्या क्षणी माणूस सवयीने वागतो, आणि आपल्या समाजाची सवय म्हणजे जात. ट्रायाजचा सराव त्या सवयीच्या जागी नियम आणतो. संविधानाने समतेचा नियम कागदावर आणला. ढिगाऱ्यापाशी तो अंमलात आणायचा तर त्याचा असाच सराव करावा लागेल, शंभर वेळा, हाताला सवय होईपर्यंत.

आणि कायदा याबाबत मुका नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ याचे कलम ६१ वाचा. आपत्तिग्रस्तांना भरपाई आणि मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म यांच्या आधारे भेदभाव करता येणार नाही, असे ते सांगते. हे कलम आभाळातून पडलेले नाही. कायदा आला त्याच्या आदल्या वर्षी, २६ डिसेंबर २००४ ला, त्सुनामी आली होती. तामिळनाडूत नागपट्टिणमला दलित कुटुंबांना छावण्यांतून वेगळे काढले गेले, पाण्याच्या टाकीपाशी अडवले गेले, अशा तक्रारी मानवी हक्क संघटनांनी नोंदवल्या. आणि किनाऱ्यावरचे कुजलेले मृतदेह उचलायला कोणाला आणले? दुसऱ्या गावांच्या नगरपालिकांतल्या सफाई कामगारांना. तेही दलित. ज्यांना छावणीत पंगतीला बसू द्यायचे नाही, त्यांच्याच हातांनी सगळ्यांची प्रेते उचलून घ्यायची!

कलम ६१ मध्ये ‘भरपाई आणि मदत’ हे शब्द आहेत. शोध, सुटका, जागेवरचे उपचार, प्रेतांची व्यवस्था, यांचा उल्लेख तिथे नाही. मदत म्हणजे नंतर वाटायचे धान्य-कपडे असाच अर्थ प्रशासन घेते. म्हणून माझे म्हणणे असे की हे कलम रुग्णवाहिकेवर चढणाऱ्या प्रत्येकाच्या अभ्यासक्रमात पहिल्या आठवड्यात आले पाहिजे, आणि परीक्षेत त्यावर प्रश्न आला पाहिजे.

आता आपत्ती कशाला म्हणायचे, याबद्दल बोलू. शासनाच्या लेखी भूकंप, पूर, दरड, चक्रीवादळ या आपत्ती. आमच्या लेखी आणखी एक आपत्ती आहे. ती पावसाळ्याची वाट पाहत नाही. तिचे नाव मॅनहोल आणि सेप्टिक टँक.

घटनेचा साचा इतका ठरलेला आहे की बातमी न वाचता सांगता येईल. एक कामगार खाली उतरतो आणि आवाज बंद होतो. दुसरा ‘काय झाले रे’ म्हणून वाकतो, उतरतो, कोसळतो. तिसरा त्या दोघांना काढायला जातो. तो बहुधा भाऊ, मेहुणा किंवा पोरगा असतो, कारण ठेकेदाराने एकाच घरातली माणसे आणलेली असतात. तासाभराने अग्निशमन दल येते आणि दोरीने मृतदेह वर काढते. अमेरिकेतल्या व्यावसायिक सुरक्षा संस्थेने १९८६ साली सांगितले होते की बंदिस्त जागेत मरणाऱ्यांपैकी साठ टक्क्यांहून अधिक लोक हे वाचवायला गेलेले असतात. म्हणजे या मृत्यूंपैकी मोठा भाग केवळ एका गोष्टीने टळू शकतो: वर उभ्या असलेल्या माणसाला ‘उतरू नकोस’ हे माहीत असणे.

तेही का, हे समजून घ्या. गटारातला हायड्रोजन सल्फाइड थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते. वास गेला म्हणून माणसाला वाटते वायू गेला, तर तिथे तो जास्त झालेला असतो. आणखी वाढला की एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही. दारू पिऊन उतरल्याने तर काही होत नाही, उलट भान कमी होते. आमच्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या दारू देऊन उतरवले गेले आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितो. अशा ठिकाणी लागतो तो वायू मोजणारा यंत्राचा डबा, हवा आत ढकलणारा ब्लोअर, तिकाटण्याला लावलेली दोरी व अंगाला पट्टा, आणि उतरायचेच असेल तर पाठीवर हवेचा सिलिंडर. वर काढलेल्याला तोंडाने श्वास द्यायचा नाही, पिशवी-मास्कने द्यायचा, ऑक्सिजन लावायचा, कपडे काढून धुवायचे. हे सगळे धोकादायक पदार्थांच्या आपत्तीचे पॅरामेडिक प्रशिक्षण आहे. रासायनिक कारखान्याच्या गळतीसाठी जे शिकवायचे तेच. फरक एवढाच की कारखान्याच्या सुरक्षा आराखड्यात साहेबांची केबिन येते, मॅनहोलच्या आराखड्यात कोणीच येत नाही.

२०१३ चा हाताने मैला उचलण्यावरील बंदीचा कायदा आहे. २७ मार्च २०१४ ला सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासूनच्या गटारमृत्यूंना दहा लाखांची भरपाई ठरवली. २० ऑक्टोबर २०२३ ला बलराम सिंह प्रकरणात ती तीस लाख केली. न्यायालयाचे आभार मानले पाहिजेत. पण तीस लाख हे मेल्यावरचे आहेत. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटारे आणि सेप्टिक टँक साफ करताना ३७७ माणसे मेली. केंद्राच्या ‘नमस्ते’ योजनेत नोंदल्या गेलेल्या सुमारे अडतीस हजार कामगारांपैकी ६८.९ टक्के अनुसूचित जातींचे निघाले. इतर मागास आणि आदिवासी धरले तर ९२ टक्क्यांच्या आसपास. रेल्वेच्या एखाद्या अपघातात एका दिवसात ३७७ माणसे गेली असती तर चौकशी आयोग बसला असता, रेल्वेमंत्र्यांचा राजीनामा मागितला गेला असता. इथे मरण एक-दोन-तीन असे सुटे येते, म्हणून ते आपत्तीच्या व्याख्येत बसत नाही.

शहरांनी स्वच्छतेसाठी आपत्कालीन प्रतिसाद पथक उभारावे, अशा सूचना केंद्राने दिलेल्या आहेत. तुमच्या नगरपालिकेत ते आहे का, माहितीच्या अधिकारात विचारा. पथकात कोण आहे, त्यांना किती तासांचे प्रशिक्षण दिले, वायू मोजणारे यंत्र शेवटचे कधी तपासले, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर काय येते ते पाहून आंदोलनाची दिशा ठरवा.

रुग्णवाहिकेकडे वळतो. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २६ जानेवारी २०१४ ला सुरू झाली. ९३७ गाड्या, त्यांतल्या २३३ मोठ्या, म्हणजे व्हेंटिलेटर वगैरे असलेल्या, आणि ७०४ साध्या. या सेवेने असंख्य बाळंतिणी आणि अपघातग्रस्त वाचवले आहेत, ते मान्य केलेच पाहिजे. हैदराबादला १५ ऑगस्ट २००५ ला १०८ सुरू झाली ती आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ घेऊन. महाराष्ट्राने गाडीत डॉक्टर बसवला, बहुतांशी आयुर्वेद वगैरे शाखांचा पदवीधर. ऐकायला हे चांगले वाटते. पण दवाखान्यात नाडी पाहण्याचे शिक्षण आणि उलटलेल्या बसमधून माणूस मान न हलवता काढण्याचे शिक्षण, ही दोन वेगळी शिक्षणे आहेत. त्या डॉक्टरला दोष नाही, तोही ठेक्यावर, अपुऱ्या पगारावर काम करतो आणि चांगली संधी मिळाली की निघून जातो. गाडी चालवणारा ड्रायव्हर, जो वर्षानुवर्षे तिथेच असतो आणि ज्याने शेकडो अपघात पाहिलेले असतात, त्याला मात्र आपण ‘ड्रायव्हर’च ठेवतो.

भारतात पॅरामेडिक हा पेशा वाढला का नाही, याचे उत्तर मला इथे दिसते. डोक्याचे काम करणारा वर, हाताचे काम करणारा खाली, ही आपल्या समाजाची रचना. डॉक्टर जाणतो पण उचलत नाही, वॉर्डबॉय उचलतो पण त्याने जाणायचे नाही. पॅरामेडिक म्हणजे जाणणारा हात. जो चिखलात गुडघ्यावर बसतो, रक्तात हात घालतो, आणि तरीही औषधाचा डोस ठरवतो. या माणसासाठी जातिव्यवस्थेत जागाच नाही. श्रमाची विभागणी आणि श्रमिकांची विभागणी यातला फरक बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवला होता. आपल्या रुग्णालयांत जाऊन तो आजही पाहता येतो.

२०२१ साली संसदेने संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ, म्हणजेच पॅरामेडिक, या पेशाची नोंद आहे. म्हणजे कायद्याने हा स्वतंत्र, नोंदणीकृत पेशा झाला. पण पेशा झाला आणि नोकरी ठेक्यावर राहिली, तर आपल्याला काय मिळाले? ठेकेदाराला बिंदुनामावली नसते. शासनाने सेवा कंपनीला दिली की त्या सेवेतले आरक्षण एका सहीने संपते, आणि त्याविरुद्ध दाद मागायला जागा उरत नाही. शिक्षणाचेही तेच. गल्लोगल्ली निघालेले ‘पॅरामेडिकल’चे डिप्लोमे फी भरपूर घेतात. मान्यता नसली की भारत सरकार शिष्यवृत्ती नाही आणि शेवटी नोकरीही नाही. आपल्या मुलामुलींना माझे कळकळीचे सांगणे आहे: प्रवेश घेण्याआधी अभ्यासक्रम विद्यापीठाचा आहे का, शिष्यवृत्ती लागू आहे का, रुग्णालयात प्रत्यक्ष काम किती महिने आहे, हे लेखी मागा. तोंडी आश्वासनावर आईचे मंगळसूत्र गहाण टाकू नका.

चळवळीतलेच काही मित्र यावर आक्षेप घेतात, आणि तो आक्षेप हलका नाही. ते म्हणतात, “आपल्या बापजाद्यांनी मेलेली ढोरे ओढली. महाडनंतर ते काम सोडा म्हणून बाबासाहेबांनी सांगितले. आता आपल्या पोरांनी पुन्हा स्ट्रेचर आणि प्रेते उचलायची? आपली पोरे डॉक्टर झाली पाहिजेत, कलेक्टर झाली पाहिजेत.” झालीच पाहिजेत, त्यात दुमत नाही. पण एक भेद नीट पाहा. बाबासाहेबांनी सोडायला लावले ते जन्माने लादलेले, मोबदला नसलेले, अपमानाचे काम. प्रेत उचलणे हे अपमानाचे नसून, ते अमुक जातीनेच, विनामास्क, विनाहातमोजे, विनाअधिकार उचलायचे, हा अपमान आहे. प्रशिक्षण, परवाना, पगार आणि पदोन्नती आली की तेच काम पेशा होते आणि त्यात सगळ्या जातींची पोरे रांग लावतात. मग मात्र आपल्याला बाहेर ठेवले जाते. हे मी तर्काने सांगत नाही, घडलेले सांगतो.

अमेरिकेत पिट्सबर्ग शहरात हिल डिस्ट्रिक्ट नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. साठच्या दशकात तिथे माणूस कोसळला तर पोलिसांची व्हॅन यायची, मागे टाकून न्यायची. काही ठिकाणी तर अंत्यविधीवाल्यांची गाडी यायची. कृष्णवर्णीय वस्तीत तीही उशिरा. १९६७ साली फ्रीडम हाउस या संस्थेने त्याच वस्तीतल्या बेरोजगार तरुणांना रुग्णवाहिकेसाठी घेतले. त्यांतल्या काहींची शाळाही पुरी झालेली नव्हती. सीपीआर आज ज्या रूपात आपण ओळखतो त्याच्या जनकांपैकी एक असलेल्या डॉ. पीटर साफर यांनी त्यांना सुमारे तीनशे तासांचे शिक्षण दिले, शरीररचनेपासून रस्त्यावरच्या अपघातापर्यंत. पुढे डॉ. नॅन्सी कॅरोलाइन त्यांच्या वैद्यकीय संचालक झाल्या. याच तरुणांबरोबरच्या कामातून त्यांनी अभ्यासक्रम बांधला आणि तो साऱ्या अमेरिकेत पॅरामेडिक शिक्षणाचा पाया ठरला. म्हणजे ‘कामाला नालायक’ ठरवलेल्या वस्तीतल्या पोरांनी जगाला एक पेशा दिला.

मग काय झाले? १९७५ साली महापालिकेने स्वतःची सेवा काढली आणि फ्रीडम हाउस बंद केले. जुने कर्मचारी कागदोपत्री सामावून घेतले, पण नव्या परीक्षा, नव्या अटी, बदल्या लावून काही वर्षांत त्यांतले बहुतेक बाहेर काढले गेले. ज्यांना त्यांनी शिकवले होते ते गोरे त्यांचे साहेब झाले. जॉन मून यांच्यासारखा एखादाच पुढे वरच्या पदापर्यंत पोहोचला. पँथरचे नाव आपण अमेरिकेकडून घेतले, हा धडाही घ्यायला हवा. काम सुरू करताना आपले हात चालतात. कामाला प्रतिष्ठा आली की पात्रतेचे निकष बदलतात. म्हणून आरक्षणाचा प्रश्न पेशा मोठा झाल्यावर काढायचा नसतो, तो सुरुवातीलाच नियमात बसवायचा असतो.

आणि आपल्याकडेही वारसा आहेच. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला पाठीवर घेतले आणि हडपसरजवळ डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात पोहोचवले. मुलगा वाचला. त्यांना प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. ब्रिटिशांच्या सैनिकांचे घरात घुसून तपासणी करणे आणि सावित्रीबाईंचे पाठीवर घेऊन धावणे, या दोन्ही ‘आपत्ती व्यवस्थापना’च्याच पद्धती होत्या. सरकार आजही पहिलीच पद्धत जास्त वापरते, हे कोविडच्या टाळेबंदीत दिसले. पण सावित्रीबाईंकडे संसर्गापासून बचावाचे साधन नव्हते, हेही विसरू नये. त्यांच्या जयंतीला आपण हार घालतो. कोविडमध्ये डॉक्टरांना पीपीई किट मिळाले तेव्हा त्याच वॉर्डातल्या अनेक सफाई कामगारांना एकेक मास्क आठवडाभर वापरावा लागला. हा विरोधाभास पुतळ्यापुढे उभे राहून सुटणार नाही.

बाबासाहेबांकडे आपत्तीचा विचार नव्हता असे कोणाला वाटत असेल, तर त्याने १९४३ चा दामोदरचा पूर आणि त्यानंतरचे त्यांचे मजूरमंत्री म्हणून केलेले काम वाचावे. पाटबंधारे आणि वीज ही खाती तेव्हा त्यांच्याकडे होती. पुरावर बांध घालून थांबायचे नाही, पूर्ण खोऱ्याचे नियोजन करायचे, ही दामोदर योजनेमागची दृष्टी त्यांनी पुढे रेटली. आपत्ती हा दैवाचा नाही, शासनाच्या कर्तव्याचा विषय आहे, असे मानूनच ते हे काम करत होते.

म्हणून शासनाकडे मागण्या कराव्यात त्या नेमक्या. दरडप्रवण आणि पूरप्रवण प्रत्येक वस्तीत, यादीत असो वा नसो, तिथल्याच किमान चार तरुण-तरुणींना मानधनावर प्रशिक्षित करा. त्यात निम्म्या मुली हव्यात, कारण रात्री बाळंतीण अडली तर तिला कोणाचा हात चालतो हे आपल्या आयाबहिणींना विचारा. सलाईन, दोरी, स्ट्रेचर, ऑक्सिजनची पेटी वाडीवर ठेवा, तालुक्याच्या कुलपात नको. प्रशिक्षण वाडीच्या बोलीत द्या. प्रत्येक सफाई कामगाराला, तो कायम असो वा ठेक्यावर, बंदिस्त जागेतल्या सुटकेचे शिक्षण आणि साधने मिळेपर्यंत कोणालाही खाली उतरवणाऱ्या अधिकाऱ्यावर गुन्हा दाखल करा. १०८ मधल्या पॅरामेडिकची पदे शासनाची, कायम आणि बिंदुनामावलीप्रमाणे भरा. अनुभवी ड्रायव्हर आणि सहायकांना शिकून पॅरामेडिक होण्याचा मार्ग ठेवा.

शासन हे उद्या करणार नाही. आपण काय करू शकतो? ६ डिसेंबरला दादरला लाखो लोक येतात. थकलेली म्हातारी माणसे, मधुमेही, तान्ही मुले. समता सैनिक दलाचे स्वयंसेवक ज्या शिस्तीने ती गर्दी सांभाळतात ती पाहण्यासारखी असते. महापालिकेचे आणि आपल्या डॉक्टरांचे वैद्यकीय कक्ष असतात. पण रांगेत माणूस कोसळला आणि कक्ष चारशे मीटरवर असला, तर पहिली चार मिनिटे दोरी धरून उभ्या असलेल्या सैनिकाच्या हातात असतात. मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ ला चेंगराचेंगरीत सुमारे तीनशे माणसे गेली. एल्फिन्स्टनच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ ला २३ गेली, तेही दादरपासून हाकेच्या अंतरावर. गर्दीत माणूस पायांखाली येऊन मरतो त्यापेक्षा छाती दाबली जाऊन, उभ्या-उभ्या श्वास कोंडून मरतो. हे ओळखायचे कसे, गर्दीचा दाब कोठून सोडवायचा, सीपीआर कसा द्यायचा, पट्ट्या कशा बांधायच्या, हे दोन रविवारांत शिकवता येते. आपल्या समाजातले डॉक्टर, परिचारिका, १०८ वर काम करणारी मुले शेकड्यांनी आहेत. त्यांनी शिकवावे, दलाने माणसे द्यावीत, विहारांनी जागा द्यावी.

नागपूरला दीक्षाभूमीवर, भीमा कोरेगावला १ जानेवारीला, महूला, प्रत्येक ठिकाणी हीच गरज आहे. ऑक्टोबरच्या आत एका जिल्ह्याने जरी पन्नास सैनिकांची तुकडी तयार केली, तर ती यंदाच्या ६ डिसेंबरला रांगेत उभी करता येईल. ज्या डॉक्टर-परिचारिका मित्रांना दोन रविवार देता येतील त्यांनी आपल्या जवळच्या विहारात नाव नोंदवावे आणि सोबत सरावाची एक बाहुली मिळते का तेही पाहावे. ती महाग असते, आणि वर्गणीतून घ्यायची पहिली वस्तू तीच असावी.

जय भीम.